नकाराचा अध्याहार : कर्निहन-रिची यांच्या ग्रंथातील शब्दगणनेचा पाठ

ब्रायन कर्निहन व डेनिस रिची यांचा ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ १९७८ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९८८ साली त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. रिची हे स्वतः सी-भाषेचे जनक असल्यामुळे २७२ पृष्ठांच्या ह्या आवृत्तीस केवळ पाठ्यपुस्तकाचे नव्हे, तर व्याकरणग्रंथाचे प्रामाण्य लाभले आहे. तिच्यातील उदाहरणे विद्यार्थी नियमांची स्पष्टीकरणे म्हणून वाचीत नाहीत. शिष्टप्रयोग म्हणून वाचतात आणि पुढे स्वतःचे लेखन त्याच वळणाने करतात. म्हणूनच त्या उदाहरणांत जे लिहिले आहे त्याइतकेच जे लिहिलेले नाही त्याचेही परीक्षण होणे अगत्याचे आहे.

सहाव्या प्रकरणाच्या पाचव्या विभागातील प्रोग्रॅम भाषाभ्यासकास विशेष जवळचा वाटावा असा आहे. समोर येणाऱ्या मजकुरात कोणता शब्द किती वेळा आला हे तो मोजतो. शब्दांची यादी आधी ठाऊक नसते, मजकूर किती लांबीचा आहे हेही ठाऊक नसते. तेव्हा शब्द जसजसा येईल तसतशी त्याच्यासाठी जागा मागून घेणे भाग पडते. ग्रंथकारांनी येथे द्विशाखी वृक्षाची योजना केली आहे. वृक्षाच्या प्रत्येक गाठीत एक शब्द, त्याची संख्या आणि डावी व उजवी अशा दोन शाखा असतात. नवा शब्द वर्णक्रमाने आधीचा असेल तर डावीकडे, नंतरचा असेल तर उजवीकडे जातो. ‘अ‍ॅडट्री’ हे फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावून हे सर्व काम मोजक्या ओळींत उरकते. त्या ओळींचे सौष्ठव वादातीत आहे. अभ्यासक्रमांतून हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला ह्यात नवल नाही.

परंतु ह्याच ओळींत एक मोठी उणीव आहे. सी-भाषेत मेमरी मागण्याचे साधन म्हणजे ‘मॅलॉक’. त्यास हव्या असलेल्या बाइट्सची संख्या सांगावयाची. जागा मिळाली तर तिचा पत्ता हाती येतो, न मिळाली तर ‘नल’, म्हणजे कोठेही न नेणारा पत्ता, हाती येतो. हा नल म्हणजे यंत्राने दिलेला नकार होय. शब्दगणनेच्या पाठात नवी गाठ ‘टॅलॉक’ ह्या छोट्या फंक्शनाकडून मागितली जाते, आणि ते मॅलॉकचे उत्तर जसेच्या तसे परत करते. ते उत्तर होकार आहे की नकार, हे न पाहताच पुढच्या ओळीत त्या पत्त्यावर शब्द, संख्या आणि शाखा लिहिल्या जातात. शब्दाची प्रत काढणाऱ्या ‘स्ट्रडप’चीही तीच गत. स्वतः स्ट्रडप नकार ओळखते आणि इमानाने नल परत करते. मात्र ते ज्याला परत करते तो अ‍ॅडट्रीचा कर्ता तिकडे पाहत नाही.

ह्या दोन दुर्लक्षांचे परिणाम सारखे नाहीत. गाठ मिळाली नाही तर नलवर लिहिण्याचा प्रयत्न होतो, आणि आजच्या बहुतेक यंत्रणांवर प्रोग्रॅम तत्क्षणी कोसळतो. हे वाईट खरे, पण प्रामाणिक आहे. गाठ मिळाली आणि शब्दाची प्रत मात्र मिळाली नाही, तर वृक्षात शब्दावाचूनची एक गाठ बसते. पुढचा एखादा शब्द त्या वाटेने गेला, तर तुलना करताना प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी पडतो, आणि दोषाचे मूळ शोधणाऱ्याची दिशाभूल होते. एकही शब्द त्या वाटेने गेला नाही, तर गणना शेवटास जाते आणि काही लायब्ररींच्या कृपेने छापील यादीत ‘नल’ नावाचा एक शब्द, एकदा आलेला म्हणून, विराजमान होतो.

मराठी व्याकरणात अध्याहार ही मान्यता पावलेली गोष्ट आहे. वाक्यातील एखादे पद बोलणारा गाळतो, कारण ऐकणारा ते संदर्भाने भरून घेईल असा त्याचा भरवसा असतो. ग्रंथकारांनी नकाराची तपासणी गाळली ती ह्याच न्यायाने गाळली असे दिसते: सुज्ञ वाचक ती भरून घेईलच. पाठ्यग्रंथाच्या दृष्टीने ही काटकसर अगदीच असमर्थनीय नाही. प्रत्येक मागणीनंतर तीन-चार ओळींची तपासणी आली असती तर वृक्षाचा आकार वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला नसता. अडचण अशी की ह्या वाक्याला दोन श्रोते आहेत. एक वाचक, जो कदाचित भरून घेईल. दुसरे यंत्र, जे कधीच भरून घेत नाही. आणि पहिला श्रोता विद्यार्थी असेल तर, गाळलेले पद मुळात होते हेच त्याला ठाऊक नसते. ज्याला पूर्ण वाक्य परिचित नाही, त्याच्यापुढे अध्याहार ठेवता येत नाही.

ग्रंथकारांना ह्या तपासणीचे महत्त्व ठाऊक नव्हते असे म्हणण्याची मुळीच सोय नाही. लगेच पुढच्या विभागात, नामकोशाची रचना सांगताना, ‘इन्स्टॉल’ हे फंक्शन गाठीची मागणी आणि नावाची प्रत ह्या दोहोंचा नकार एकाच अटीत पाहते आणि नल परत करते. तथापि तेथेही गाठ मिळून नावाची प्रत नाकारली गेली, तर हाती आलेली गाठ परत न करताच फंक्शन बाहेर पडते. तिचा पत्ता कोणाजवळच उरत नाही. नकार ओळखला म्हणजे काम संपले असे नाही. नकारापूर्वी जे जे घेतले ते परत करणे हा त्याच व्यवहाराचा भाग आहे.

पाचव्या प्रकरणातील ओळी वर्णक्रमाने लावणारा प्रोग्रॅम ह्या बाबतीत अधिक सावध आहे, आणि म्हणूनच त्यातील चूक अधिक बोधप्रद आहे. ‘रीडलाइन्स’ हे फंक्शन ओळींची संख्या ५००० च्या पुढे गेली किंवा साठा संपला तर तसे कळविते, आणि मुख्य प्रोग्रॅम मजकूर फार मोठा असल्याचे सांगून थांबतो. येथे अध्याहार नाही. परंतु ओळ वाचणाऱ्या ‘गेटलाइन’ला १००० बाइट्सची मर्यादा घातलेली आहे. समाप्तिचिन्हाचा एक बाइट वजा जाता एका वेळी ९९९ बाइट्स येतात. ओळ त्याहून लांब असेल तर उरलेला भाग पुढच्या खेपेस स्वतंत्र ओळ म्हणून येतो. रीडलाइन्स मात्र प्रत्येक खेपेस आलेल्या मजकुराचा शेवटचा बाइट, तो ओळसमाप्तीचे चिन्हच असणार असे धरून, पुसून टाकते. तुटलेल्या ओळीच्या शेवटी ते चिन्ह नसते. तेथे मजकुराचेच अक्षर असते. म्हणजे लांब ओळ केवळ दुभंगत नाही, तर दुभंगाच्या जागी तिचा एक बाइट नाहीसा होतो, आणि ह्याची वार्ता कोणालाही लागत नाही.

इंग्रजी मजकुरात ओळी लहान असत आणि एक अक्षर म्हणजे एक बाइट असे, तोवर ही गोष्ट क्वचितच उघडकीस आली असती. मराठी मजकुराचे तसे नाही. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो की हलन्त, तीन बाइट्स व्यापते. १९९१ च्या इस्की पद्धतीत तेच चिन्ह एका बाइटात मावत असे. म्हणजे ९९९ बाइट्स ही मराठीच्या दृष्टीने अवघ्या ३३३ चिन्हांची ओळ झाली. शब्दागणिक सरासरी सहा चिन्हे आणि एक मोकळी जागा धरली, तर ही मर्यादा सुमारे बावन्न शब्दांवर संपते. ललित गद्याचा एखादा परिच्छेद, तो एकच ओळ म्हणून साठविलेला असेल तर, बावन्न शब्दांत कसा मावणार? मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे एकेका बाइटाची असल्यामुळे तोड बहुधा अक्षराच्या मधोमध पडते. वर सांगितलेला एक बाइट पुसला गेला की उरते ते अक्षरही नव्हे आणि चिन्हही नव्हे.

शब्दगणनेच्या पाठात मराठी मजकूर जसाच्या तसा दिला तर काहीच निष्पन्न होत नाही, कारण शब्द ओळखणारे ‘गेटवर्ड’ हे फंक्शन रोमन अक्षरांपलीकडचे बाइट अक्षर म्हणून मानीतच नाही. तेव्हा अभ्यासक अट बदलतो: मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आले की शब्द संपला. अट बदलते, शब्दाच्या लांबीची १०० ही मर्यादा मात्र तशीच राहते. ही मर्यादा काटेकोरपणे मोजून पाहण्यासारखी आहे. पहिले अक्षर मर्यादेतून वजा न करताच लिहिले जाते. नंतरचे आवर्तन मर्यादा एकेकाने उतरवीत नव्व्याण्णव वेळा चालते. अशी शंभर अक्षरे भरल्यावर समाप्तिचिन्ह एकशेएकाव्या जागी पडते. राखून ठेवलेल्या जागा मात्र शंभरच आहेत. म्हणजे पुरेसा लांब शब्द येताच प्रोग्रॅम स्वतःच्या हद्दीबाहेर एक बाइट लिहितो. त्या जागी काय असेल ते कंपायलरच्या मर्जीवर अवलंबून आहे. शिवाय शंभर बाइट्स म्हणजे देवनागरीची तेहतीस चिन्हे आणि चौतिसाव्या चिन्हाचा एक तृतीयांश.

तेहतीस चिन्हांहून लांब मराठी शब्द असतो कोठे, असा प्रश्न कोणी करील. बोलीभाषेत व वृत्तपत्रांत तो विरळाच. परंतु हस्तलिखितांत शब्द मोकळे सोडून लिहिण्याचा प्रघात नव्हता, आणि ज्या लिप्यंतरात मूळ पोथीची अखंड ओळ जशीच्या तशी राखली आहे, त्यात प्रोग्रॅमच्या दृष्टीने संपूर्ण ओळ हाच एक शब्द असतो. अशी ओळ तुटली की तिचे दोन-तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवा शब्द म्हणून वृक्षात बसतो. हे तुकडे पुन्हा येण्याचा संभव जवळजवळ नसतो. परिणामतः संपूर्ण मजकुरात एकदाच आलेल्या शब्दांची संख्या फुगते. ग्रंथकाराच्या शब्दसंपत्तीचे मापन असो, दोन ग्रंथांच्या कर्तृत्वाचा निर्णय असो, सांख्यिकीय भाषाभ्यास ह्याच एकदाच आलेल्या शब्दांवर मोठा भार टाकतो. प्रोग्रॅम कोसळला असता तर अभ्यासकाने चूक शोधली असती. तो कोसळत नाही. कोष्टक देतो, आणि ते कोष्टक प्रबंधाच्या परिशिष्टात जाते.

ह्या मर्यादांची भलावण करताना काळाची साक्ष काढली जाते. सी-भाषा ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढली त्याचे पत्ते सोळा बिटांचे होते, म्हणजे एका वेळी ६४ किलोबाइट्सपलीकडे पाहणे नव्हते. हे खरे आहे. परंतु जेथे मेमरी इतकी तुटपुंजी, तेथे नकार हा अपवाद नसून नित्याचा अनुभव असणार. मग त्याची तपासणी गाळण्यास त्याच काळाचा आधार कसा मिळतो, हे कोडेच आहे. मर्यादेचे भान मात्र ग्रंथकारांस होते, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यांचे गेटलाइन निदान मर्यादा विचारते. प्रमाणित लायब्ररीतील ‘गेट्स’ तेवढेही करीत नसे. सातव्या प्रकरणात गेट्सचा परिचय करून देताना ते ओळसमाप्तीचे चिन्ह गाळते एवढी सूचना आहे. ते कितीही लांब ओळ लहान जागेत ओतते ह्याविषयी तेथे सावधगिरीचा शब्द नाही. दुसरी आवृत्ती ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने जे मार्ग वापरले त्यांपैकी एक ‘फिंगर’ सेवेतील ह्याच गेट्सचा होता; ५१२ बाइट्सच्या जागेत त्याहून लांब ओळ घुसविण्यात आली. २०११ च्या प्रमाणकाने गेट्स भाषेतून काढून टाकले.

कर्निहन यांच्या पुढील लेखनाशी तुलना केली असता मूळ पाठातील उणीव अधिक स्पष्ट होते. रॉब पाइक यांच्यासह त्यांनी १९९९ साली ‘द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग’ प्रसिद्ध केला. त्यात वाढत्या यादीचे जे उदाहरण आहे ते आदर्श म्हणावे असे आहे. जागा अपुरी पडली की ती दुप्पट करून मागावयाची. एका बाइटापासून आरंभ केला तरी वीस वेळा दुप्पट करताच १०,४८,५७६ बाइट्स होतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा मजकूर हलविण्याचा खर्च आटोक्यात राहतो. महत्त्वाचे म्हणजे ‘रिअलॉक’चे उत्तर तेथे प्रथम वेगळ्या पॉइंटरात घेतले आहे. नवशिका ते जुन्याच पॉइंटरात घेतो. नकार आला तर जुन्या पत्त्यावर नल बसतो. जुनी जागा तशीच भरलेली राहते, पण तिच्याकडे जाण्याची वाट पुसली जाते, आणि तोवर वाचलेला सर्व मजकूर जिवंत असूनही हरवतो. वेगळा पॉइंटर ही एका ओळीची गोष्ट आहे. ती १९९९ च्या ग्रंथात लिहिलेली आहे, अध्याहृत नाही, आणि तिच्यामुळे उदाहरणाचे सौष्ठव उणावले आहे असेही नाही.

त्याच ग्रंथात ‘इमॅलॉक’ ह्या नावाचे एक आवरण आहे: ते मेमरी मागते आणि नकार आला तर संदेश छापून प्रोग्रॅम थांबविते. इतरांच्या उपयोगासाठी लिहिलेल्या लायब्ररीत हा उपाय अयोग्य ठरेल, कारण थांबावे की न थांबावे हा निर्णय बोलावणाऱ्याचा असतो. शब्दगणनेस मात्र तो तंतोतंत लागू पडतो. अर्धवट गणनेला काहीच मूल्य नसते. किंबहुना पूर्ण गणनेचे रूप घेऊन आलेली अर्धवट गणना ही उपद्रवकारकच होय. टॅलॉकच्या जागी असे आवरण ठेवले असते तर अ‍ॅडट्रीतील एकही ओळ बदलावी लागली नसती. काटकसर आणि सुरक्षितता यांत निवड करण्याचा प्रसंग मुळात आलाच नव्हता.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. लिनक्ससारख्या यंत्रणा नेहमीच्या मांडणीत मेमरीचे वचन सढळपणे देतात. प्रत्यक्ष जागा त्या पत्त्यावर लिहिण्याच्या वेळी पुरविली जाते, आणि तेव्हा ती नसेल तर यंत्रणाच एखादा प्रोग्रॅम बंद पाडते. मग मॅलॉकचा नकार तपासून लाभ काय? लहान मागण्यांपुरता ह्या आक्षेपात तथ्यांश आहे. परंतु फाइल वाचताना मागणीचा आकडा पुष्कळदा फाइलच पुरविते, आणि तेथे प्रश्न निराळा होतो. शेवटापर्यंत जाऊन स्थान विचारावे, तितकी जागा मागावी, मग सर्व मजकूर एकदम वाचावा, ही रीत फार प्रचलित आहे. ‘एफटेल’ स्थान सांगू शकले नाही तर उणे एक देते. समाप्तिचिन्हासाठी त्यात एक मिळविला की मागणी होते शून्य बाइट्सची, आणि शून्याच्या मागणीस नल द्यावा की पत्ता द्यावा हे प्रमाणकाने लायब्ररीवर सोडले आहे. पत्ता मिळाला तर तपासणी संतुष्ट होते. नंतर तोच उणे एक वाचावयाच्या बाइट्सची संख्या म्हणून दिला जातो, चिन्हरहित होताच राक्षसी आकार धारण करतो, आणि जागा नसलेल्या पत्त्यावर संपूर्ण फाइल ओतली जाते. दुसऱ्या प्रोग्रॅमकडून नळीवाटे येणाऱ्या मजकुराला तर अशी आगाऊ लांबी नसतेच. आणि मोजणे व वाचणे ह्यांच्या दरम्यान फाइल वाढू शकते.

फाइलच्या प्रारंभी नोंदींची संख्या लिहिलेली असेल तर धोका आणखी सूक्ष्म होतो. बत्तीस बिटांच्या यंत्रावर एकेका नोंदीस १६ बाइट्स लागतात असे धरू, आणि संख्या २६,८४,३५,४५७ आहे असे धरू. गुणाकार ४,२९,४९,६७,३१२ होतो. यंत्रात मात्र ४,२९,४९,६७,२९६ पूर्ण होताच पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते, आणि उरतात १६. मॅलॉकपुढे सोळा बाइट्सची विनम्र मागणी जाते व ती मान्य होते. येथे नकार नाहीच. होकार आहे, पण तो भलत्याच प्रश्नाला दिलेला आहे. तेव्हा गुणाकारापूर्वीच भागाकाराने मर्यादा पाहणे, आणि वाचून झाल्यावर ‘एफरीड’ने सांगितलेली संख्याच खरी मानणे, ह्यावाचून गत्यंतर नाही. आठव्या प्रकरणात स्वतः मॅलॉक लिहून दाखविल्यावर ग्रंथकारांनी सातवा अभ्यास असा दिला आहे की मॅलॉक मागणीचा आकडा संभाव्य आहे की नाही हे न पाहता स्वीकारते आणि ‘फ्री’ परत आलेल्या जागेवर आंधळा विश्वास ठेवते; ह्यांत सुधारणा करा. प्रश्न नेमका आहे. तो आठव्या प्रकरणाच्या शेवटी, अभ्यास म्हणून, आला आहे.

शब्दगणनेचा वृक्ष शेवटी परत केला जात नाही, ह्याबद्दल काही काटेकोर समीक्षक ग्रंथकारांना दोष देतात. तो दोष येथे लागू नाही. प्रोग्रॅम संपताच यंत्रणा सर्व मेमरी परत घेते. एकाच प्रोग्रॅमने शंभर पोथ्यांची पाठोपाठ स्वतंत्र गणना करावयाची असेल तेव्हा मात्र प्रत्येक वृक्ष उतरवावा लागतो, आणि तो उतरविण्याचा क्रम ठरलेला आहे: प्रथम दोन्ही शाखा, नंतर शब्द, सर्वांत शेवटी गाठ. क्रम उलटला तर परत केलेल्या गाठीतूनच शाखांचा पत्ता वाचावा लागेल. ह्या धोक्याविषयी सातव्या प्रकरणात ग्रंथकारांनी जे केले आहे ते लक्षणीय आहे. साखळीतील गाठी परत करण्याचा एक सर्रास आढळणारा चुकीचा प्रयोग त्यांनी आधी छापला, तो चुकीचा आहे असे स्पष्ट सांगितले, आणि त्याच्याखाली पुढचा पत्ता आधी जपून ठेवणारा शुद्ध प्रयोग दिला. काशिकावृत्तीत सूत्रावर उदाहरणाबरोबर प्रत्युदाहरण येते ते ह्याच पद्धतीने. मेमरी परत करण्याला ह्या ग्रंथात प्रत्युदाहरण आहे. मेमरी मागण्याला नाही.